धुळीचे मूळ गाव

माझ्या कपाटात औषधाची एक रिकामी बाटली आहे. तिच्यावर डकवलेल्या चिठ्ठीवर ‘२३ जानेवारी २०२२, बोरिवली’ एवढेच लिहिलेले आहे. त्या रविवारी मी मुंबईत थोरल्या बहिणीकडे होते. सकाळपासून आकाश मळकट पांढरे होते, आणि दुपारी खाली उतरले तेव्हा आवारातल्या प्रत्येक मोटारीवर मैदा चाळून टाकावा तशी पांढुरकी पूड साचलेली दिसली. आदल्या दिवशी कराचीवरून गेलेले धुळीचे वादळ अरबी समुद्र ओलांडून मुंबईवर आले होते. एका जुन्या लग्नपत्रिकेच्या कडेने ती पूड मी खरवडून घेतली आणि बाटलीत भरली.

सव्वीस वर्षे शाळेत भूगोल शिकवल्यामुळे असल्या गोष्टी साठवण्याची मला खोड आहे. मात्र ती बाटली हाताला लागली की एक प्रश्न मनात येई. मुंबईतील एका दिवसाच्या धुळीचे गाव मला ठाऊक झाले, पण पुण्यातील माझ्या घरात रोज सकाळी फडक्याने पुसून काढते ती धूळ कुठली? ‘गाड्यांची’ आणि ‘बांधकामांची’ ही उत्तरे सगळेच देतात, परंतु त्यांतून धूळ उडवली कोणी एवढेच कळते. धूळ उडवणारा निराळा आणि तिला जन्म देणारा निराळा. टायरचे रबर, काजळी आणि कापडाचे तंतू वगळले, तर रस्त्यावरच्या धुळीचा मोठा भाग खनिजांचाच असतो, आणि खनिज म्हटले की ते कोणत्या ना कोणत्या खडकातून सुटलेले असणार. यंदा फाल्गुनात भाच्याला आठवडाभराची रजा मिळाली, त्याची गाडीही मोकळी होती. तेव्हा हा प्रवास ठरला.

पहिला दिवस : पुणे

निघण्याचा दिवस धूलिवंदनाचा होता. धुळीलाच वंदन करण्याच्या दिवशी आपण धुळीच्या मागावर निघत आहोत, हे भाच्याच्या लक्षात आले आणि दिवसभर तो त्याच विनोदावर चालला.

पहाटे साडेपाचला, रस्ते झाडायला कोणी येण्यापूर्वी, आम्ही टिळक रस्त्यावर दुभाजकाच्या कडेला साचलेली धूळ रंगाच्या ब्रशने बटर पेपरवर ओढून घेतली. नंतर घरी येऊन गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर एक परात ठेवली आणि तिच्या तळाशी खेळायच्या काचेच्या गोट्यांचा एक थर पसरला. उघड्या ताटात पडलेली धूळ पुढच्या झुळकीने उडून जाते, पण गोट्यांच्या फटींत पडलेली अडकून राहते. वाळवंटातील धूळ मोजणारे संशोधकही हीच युक्ती वापरतात. ही परात आम्ही परत येईपर्यंत तशीच राहणार होती.

ओळख पटवण्यासाठी माझी साधने साधीच होती : दहापट मोठे दाखवणारे भिंग, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले लोहचुंबक आणि लिंबू. त्यांमागचे तत्त्व मात्र पक्के आहे. पुणे ज्या काळ्या पाषाणावर वसले आहे तो बेसॉल्ट. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी एकावर एक पसरलेल्या लाव्हाच्या थरांनी दख्खनचे पठार घडले. आजही त्याचे क्षेत्र सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर भरते. या खडकात मुख्यतः तीन खनिजे सापडतात : फेल्डस्पार, ऑजाइट आणि टायटॅनियमयुक्त मॅग्नेटाइट. खडकात सिलिका जवळजवळ निम्मी असली तरी ती सगळी पहिल्या दोन खनिजांच्या बांधणीत खर्ची पडते. त्यामुळे ग्रॅनाइटमध्ये ढिगाने आढळणारे क्वार्ट्झ या खडकात जवळपास नसते. अभ्रकही नसते. म्हणजे पुण्याच्या धुळीत काळे, चुंबकाला चिकटणारे कण घरचे, आणि क्वार्ट्झ व अभ्रक दिसले तर ते बहुधा पाहुणे.

टिळक रस्त्याच्या पुडीवरून चुंबक फिरवले तेव्हा त्याला चांगली दाट काळी दाढी आली. मला आनंद झाला, पण तो फार टिकला नाही, कारण वाहनांच्या ब्रेकमधून झिजणारे लोखंड आणि गंजाचे पापुद्रेही चुंबकाला तितक्याच आवडीने चिकटतात. म्हणून दुपारी आम्ही वेताळ टेकडीवर गेलो. जुन्या दगडखाणीच्या वरच्या अंगाला, जेथे वाहन येऊ शकत नाही अशा पायवाटेवरील माती घेतली. तेथेही दाढी आली. ती विरळ होती, पण भिंगाखाली तिच्यात गंज नव्हता, तर लखलखीत पैलूंचे काळे बारीक दाणे होते. टेकडीने दिलेला हा नमुना आता तुलनेसाठी प्रमाण मानायला हरकत नव्हती.

त्याच खाणीच्या कडेला खडक मातीत कसा उतरतो हे पायरीपायरीने पाहायला मिळते. बेसॉल्टला थंड होतानाच भेगा पडलेल्या असतात. त्यांतून पाणी शिरते, प्रत्येक ठोकळ्याचे कोपरे आधी कुजतात आणि ठोकळा गोल होत जाऊन कांद्यासारखे पापुद्रे सोडू लागतो. पापुद्रा बोटांनी चुरला की तपकिरी, खरखरीत मुरूम हातात येतो. या मुरमात फेल्डस्पारची चिकणमाती होऊ लागलेली असते आणि ऑजाइटमधील लोह गंजलेले असते. मुरमापर्यंत आलेला खडक हातगाडीच्या चाकाखालीही पीठ होतो, आणि आपण तर रस्त्यांच्या बाजूपट्ट्या त्यानेच भरतो.

दुसरा दिवस : वाघोलीच्या पलीकडे

धूलिवंदनाची सुटी संपवून खडी क्रशर पुन्हा सुरू झाले होते. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या ओळखीने वाघोलीच्या पुढे एका खाणीत आम्हाला प्रवेश मिळाला. रस्त्यावरूनच गाव ओळखू येते, कारण झाडे हिरवी राहिलेली नाहीत. बाभळीपासून वडापर्यंत सगळ्यांच्या पानांवर एकच राखाडी रंग चढलेला आहे.

खाण म्हणजे जमिनीत उतरत गेलेली प्रचंड विहीर. तिच्या भिंतीवर लाव्हाच्या एका प्रवाहाचे दोन भाग स्पष्ट वेगळे दिसत होते. खालचा घट्ट, निळसर काळा आणि उभ्या भेगांचा. त्याच्यावर त्याच प्रवाहाचा माथा, वायूच्या बुडबुड्यांनी सच्छिद्र झालेला, ज्याला विहिरी खणणारे मांजऱ्या म्हणतात. ठेकेदाराला हवा असतो तो खालचा, कारण खडी त्याची होते. वरच्या भागात मात्र बुडबुड्यांच्या पोकळ्यांत पुढे पाणी फिरले आणि त्यांत झिओलाइट नावाच्या खनिजांचे स्फटिक वाढले. खाणकामगार त्यांना सरसकट गारगोट्या म्हणतात. वाघोलीच्या खाणी जगभरच्या स्फटिकसंग्राहकांना ठाऊक आहेत त्या अशाच एका खनिजामुळे. त्याचे नाव कॅव्हन्साइट. कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिका यांचे हे गडद निळे खनिज प्रथम अमेरिकेतील ओरेगॉनमध्ये सापडले, पण त्याचे सर्वांत देखणे नमुने गेले ते वाघोलीहून. पुण्यातील कितीतरी लोकांनी ते पाहिलेलेही नाही, आणि त्याच खाणीची पूड मात्र आपण सगळे रोज श्वासावाटे आत घेतो.

क्रशरपाशी उभे राहिल्यावर बोलणे ऐकू येत नव्हते. डंपर डबर ओततो. जबड्यासारख्या हलणाऱ्या दोन पोलादी पाट्यांत तो फुटतो. पट्ट्यावरून पुढच्या यंत्रात जातो, पुन्हा फुटतो आणि थरथरणाऱ्या चाळण्यांवरून उतरताना ४० मिलिमीटर, २० मिलिमीटर, कच असा वेगवेगळ्या ढिगांत पडतो. सर्वांत शेवटच्या चाळणीखाली राखाडी पिठाचा जो ढीग होता, त्याच्याकडे बोट दाखवून मुकादम म्हणाले,

“बाई, ह्याला आम्ही डस्टच म्हणतो.”

“ही फेकून देता की काय?”

“फेकून? पेव्हर ब्लॉकच्या खाली हीच घालतात की! रोज गाड्या भरून पुण्याला जाते. आता नदीची वाळू कुठं मिळते? क्रश सँडपण इथलीच.”

सगळ्या प्रवासात मला मिळालेली सर्वांत महत्त्वाची माहिती हीच होती, असे आता वाटते. मी धुळीचा माग काढत गावोगाव निघाले होते, आणि इकडे धूळ स्वतःच्या नावाने, ब्रासच्या मापाने विकली जात होती. पदपथाच्या ठोकळ्यांखाली अंथरलेली ही पूड पहिल्या पावसात फटींतून वर येते, उन्हाळ्यात सुटी होते आणि चाकांखाली आणखी बारीक होते. वाऱ्याच्या दृष्टीने सर्वांत सहज उचलले जाणारे कण मिलिमीटरच्या सुमारे दहाव्या भागाएवढे असतात. त्याहून बारीक कण एकमेकांना आणि जमिनीला धरून बसतात. परंतु हे जाडसर कण उड्या मारत जाऊन आदळतात तेव्हा बारकांना उडवून देतात, आणि एकदा उडालेला दहा मायक्रोनांखालचा (मायक्रोन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कण लवकर खाली येत नाही. रस्त्यावर वाऱ्याचे हे काम टायरच करतात, म्हणून वारा पडलेला असतानाही रहदारीच्या रस्त्यावर धूळ तरंगत राहते.

भिंगाखाली क्रशरची डस्ट आणि वेताळ टेकडीची माती शेजारी ठेवली, तेव्हा खडक एकच असूनही दोन्हींतला फरक लगेच कळला. टेकडीच्या मातीतील दाणे तांबूस सायीने माखलेले, कडा बोथट. डस्टमधील दाणे मात्र फुटलेल्या काचेसारखे धारदार, फेल्डस्पार स्वच्छ पांढरा आणि ऑजाइट हिरवट काळा. यावरून एक कसोटी हाती आली : कण घरचा असला, तरी तो पाण्याने सुटा केला आहे की यंत्राने, हे त्याच्या कडा सांगू शकतात. टिळक रस्त्याच्या पुडीत दोन्ही प्रकार होते, आणि धारदार कण डोळ्यांत भरण्याइतके अधिक होते.

चाळणीपाशी काम करणाऱ्या बायकांनी ओढणीने नाक-तोंड बांधले होते. पाण्याचा फवारा होता, पण तो पट्ट्याच्या एकाच टोकाला. त्यांच्यापैकी एकीने माझ्या बाटल्या पाहून विचारले, “ह्याचं काय करणार, ताई?” मी म्हणाले, “अभ्यास.” ती हसली आणि तिने हाताने झटकून स्वतःच्या खांद्यावरची थोडी पूड माझ्या कागदावर पाडली. सर्वांत बारीक नमुना तोच निघाला.

तिसरा दिवस : मंचर, बोरी

नाशिक रस्त्याने निघून खेडच्या पुढे मंचरच्या परिसरात थांबलो. येथल्या एका प्रवाहात फेल्डस्पारचे स्फटिक बोटाच्या पेराएवढे, काही त्याहून लांब, काळ्या खडकात विखुरलेले दिसतात. लाव्हा बाहेर येण्यापूर्वी भूगर्भात दीर्घकाळ रेंगाळला असला पाहिजे, तेव्हाच एवढे स्फटिक वाढतात. पुण्याच्या धुळीत जो पांढरा ठिपका भिंगाखालीही जेमतेम दिसतो, तो येथे नुसत्या डोळ्यांनी पाहता येतो. एवढ्यासाठीच हा थांबा होता.

दुपारी कुकडीच्या काठी बोरी बुद्रुक गाठले. जुन्नर तालुक्यातील हे गाव एका पांढऱ्या थरासाठी प्रसिद्ध आहे. नदीकाठच्या गाळाच्या आणि दगडगोट्यांच्या थरांमध्ये ज्वालामुखीची राख येथे सापडते. डेक्कन कॉलेजचे डॉ. राजगुरू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिचा अभ्यास केला, आणि तिच्या सान्निध्यात आदिमानवाची दगडी हत्यारेही मिळाली. ही राख दख्खनच्या ज्वालामुखीची नव्हे. तो तर कोट्यवधी वर्षांपूर्वीच निवाला. ही आली इंडोनेशियातील सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीतून, तीन हजार किलोमीटरहून अधिक अंतर हवेतून कापून. टोबाचा सर्वांत मोठा स्फोट सुमारे ७४,००० वर्षांपूर्वी झाला. बोरीची राख त्याच स्फोटाची की त्याच ज्वालामुखीच्या सुमारे ८ लाख वर्षांपूर्वीच्या आधीच्या स्फोटाची, यावर अभ्यासकांमध्ये दीर्घकाळ वाद आहे. हत्यारांचे वय त्यावर अवलंबून असल्यामुळे तो वाद हट्टानेही खेळला गेला आहे.

थराला हात लावण्याचा मोह मी टाळला. पायथ्याशी घसरून पडलेल्या ढेकळातून फक्त चिमूटभर घेतली. बोटांत चोळली तर टाल्कम पावडरीसारखी लागली, पण दाताखाली मात्र करकरली. ही चव घेण्याची सवय भूविज्ञानाच्या माणसांकडून उचललेली आहे. भाच्याने ती पाहून तोंड वाकडे केले.

“मावशी, तू आता आठ लाख वर्षांपूर्वीची धूळ खाल्लीस.”

“नाहीतर चौऱ्याहत्तर हजार,” मी म्हणाले. “अजून ठरलेलं नाही.”

कुकडी दर पावसाळ्यात काठ कापते. त्या कापातून सुटलेली राख गाळाबरोबर घोड नदीत आणि पुढे भीमेत जाते. काठावरचे शेतकरी गाळ शेतात टाकतात, आणि फाल्गुन-चैत्रात नांगरटीच्या रानांतून वावटळी उठतात. सुमात्राची राख अशा रीतीने पुन्हा एकदा हवेत जात असली पाहिजे. मुक्काम नारायणगावला केला.

चौथा दिवस : निघोज

आडवाटेने निघोजला पोहोचलो. कुकडीच्या पात्रातील रांजणखळगे आणि मळगंगेचे देऊळ पाहायला लोक येतात. त्या दिवशी मात्र एक शालेय सहल सोडली तर कोणी नव्हते. पुरात वाहून आलेला गोटा खडकातील एखाद्या खाचेत अडकतो, भोवऱ्यात गरगर फिरत राहतो आणि स्वतः झिजता झिजता खाचेचा रांजण करतो. झिजून निघालेले पीठ पाण्याबरोबर खाली जाते. वाघोलीला दोन मिनिटांत होणारे काम येथे कुकडी हजारो वर्षे करत आली आहे, आणि तिने केलेले पीठ गाळाची जमीन होऊन मागे राहिले आहे.

शिरूरकडे येताना काळ्या रानांना वीतभर रुंद भेगा पडलेल्या होत्या. काळी माती म्हणजे बेसॉल्टच्या विघटनाचे एक टोक. तिच्यातील चिकणमाती पाण्याने फुगते, उन्हाने आकसते आणि वाळली की खडीसारख्या कठीण बारीक कणांत फुटते. भेगेच्या भिंतीत पांढरे खडे दिसले. ढेकूळ फोडून त्यावर लिंबू पिळले तेव्हा बारीक फेस आला. ही चुनखडी. फेल्डस्पार आणि ऑजाइट कुजताना सुटलेला चुना, पाऊस कमी असल्यामुळे वाहून न जाता, येथेच साकळलेला. टिळक रस्त्याच्या पुडीवरही लिंबाने फेस येतो, परंतु तेथे तो सिमेंटचाही असू शकतो. त्यामुळे लिंबाच्या साक्षीवर शहरात फारसे विसंबता येत नाही.

पाचवा दिवस : कात्रज, पसरणी, महाबळेश्वर

रंगपंचमीच्या सकाळी, पिचकाऱ्या भरण्यापूर्वी, पुणे सोडले. जुन्या कात्रज घाटात रस्त्याच्या कापात दोन प्रवाहांच्या मधला विटकरी पट्टा पाहिला. गेरूचा हा थर म्हणजे दोन उद्रेकांमधील विश्रांती. खालच्या प्रवाहाचा माथा किंवा त्यावर पडलेली राख काही काळ हवापाण्यात कुजली आणि मग वरून आलेल्या लाव्हाने तिला भाजून काढले. म्हणजे आपल्या पायाखाली धुळीच्या जुन्या पिढ्याही गाडलेल्या आहेत, आणि घाट रुंद करताना त्या आपण उघड्यावर आणतो.

वाई सोडून पसरणी घाट चढू लागलो की माती हळूहळू लाल होत जाते. पाचगणीच्या टेबललँडवर आणि पुढे महाबळेश्वरला तर डोंगराचा माथाच जांभ्याचा आहे. जांभा हादेखील मुळात तोच बेसॉल्ट. मात्र महाबळेश्वरला वर्षाला सुमारे ६,००० मिलिमीटर पाऊस कोसळतो, पुण्याला जेमतेम ७००. येथे चुना, सोडा, मॅग्नेशियम आणि पुष्कळशी सिलिकादेखील धुऊन गेली आणि लोह व ॲल्युमिनियम तेवढे मागे उरले. काल शिरूरच्या वाटेवर जो चुना भेगांत साकळलेला पाहिला, त्याचा येथे मागमूस नाही. सगळे लिंबू पिळले तरी जांभा ढिम्म. चुंबकालाही तो फारसा ओळख देत नाही, कारण लोह पुष्कळ असले तरी ते गंजरूपात आहे. एकाच खडकाच्या या दोन परिणती एका दिवसाच्या अंतरावर पाहता येतात, हे मी वर्गात वर्षानुवर्षे नकाशावर काठी ठेवून सांगत असे. काल-आज मात्र दोन्ही माझ्या नखांत भरलेल्या होत्या.

हे लाल कण पुण्याच्या धुळीत मला थोडे सापडले होते आणि ते वाऱ्याने आले असावेत असे मी धरून चालले होते. वेण्णा तलावाकडे जाताना एका रोपवाटिकेशी चहा घ्यायला थांबलो, तेथे लाल मातीची पोती टेम्पोत चढत होती.

“ही कुठे निघाली?” भाच्याने विचारले.

“पुण्याला. कुंड्यांना लागते.”

मला हसू आले. बाल्कनीतल्या कुंड्या, तालमीतला हौदा, बंगल्यांपुढची बाग या सगळ्यांसाठी लाल माती पोत्याने शहरात येते. जांभ्याच्या धुळीला पुण्याला यायला वाऱ्याची गरज नाही, टेम्पो पुरतो.

सहावा दिवस : गच्ची आणि सूक्ष्मदर्शक

दुपारी परतलो. माझ्या भिंगाची मर्यादा आता उघडच होती, कारण खरी दूरची धूळ २० मायक्रोनांहून बारीक असते आणि ती भिंगाच्या पलीकडची आहे. पूर्वीच्या एका विद्यार्थिनीने तिच्या महाविद्यालयातील ध्रुवीकरण सूक्ष्मदर्शकाशी दोन तास बसू दिले. पुडी काचपट्टीवर लवंगेच्या तेलात पसरायची. या तेलाचा वक्रीभवनांक क्वार्ट्झच्या जवळचा असल्यामुळे क्वार्ट्झ त्यात जवळजवळ दिसेनासे होते आणि ऑजाइट ठळक उठून दिसते. मग प्रकाश एकाच दिशेने गाळणारे दोन ध्रुवीकारक एकमेकांना आडवे केले की फेल्डस्पारवर कैद्याच्या सदऱ्यासारखे काळे-पांढरे पट्टे येतात.

प्रथम बोरीची राख लावली. ध्रुवीकारक आडवे करताच सगळे क्षेत्र काळे झाले, कारण ती काच आहे, स्फटिक नव्हे. पुन्हा उजेडात आणल्यावर फुटलेल्या बुडबुड्यांच्या भिंतींचे वक्र, तीन टोकांचे तुकडे दिसले. पुण्याच्या कोणत्याही पुडीत तसा एकही तुकडा मला आढळला नाही. टोबाची राख शहरापर्यंत पोहोचते हा माझा तर्क निदान या काचपट्ट्यांवर तरी निराधार ठरला.

टिळक रस्ता अपेक्षेप्रमाणे निघाला. पट्टेदार फेल्डस्पार, ऑजाइट, काळे मॅग्नेटाइट, मुरमाचे तपकिरी गोळे, सिमेंट आणि रबराच्या काळ्या वळ्या. थोडे क्वार्ट्झही होते, आणि बोरिवलीची बाटली बाजूला ठेवून मी ते सिंधच्या वाळवंटाला बहाल करण्याच्या बेतात होते. विद्यार्थिनी म्हणाली, “बाई, कडा बघा.” ते तुकडे जाड आणि पात्यासारखे धारदार होते. त्या रस्त्याच्या गल्ल्यांमध्ये स्वयंपाकघराच्या ओट्यासाठी ग्रॅनाइटच्या फरश्या कापणारी दुकाने मी कित्येकदा ओलांडली आहेत. कर्नाटकातील ग्रॅनाइट पुण्याच्या धुळीत यायला तेवढी एक करवत पुरे आहे. गारगोट्यांच्या पोकळ्यांतूनही थोडे क्वार्ट्झ सुटतेच.

बोरिवलीच्या बाटलीतील पूड मात्र अगदी निराळी होती. पट्टेदार फेल्डस्पार क्वचित. बारीक, एकसारखे क्वार्ट्झ, चुन्याचे कण आणि मधूनमधून अभ्रकाचे पातळ पापुद्रे. हिमालयातील खडक झिजवून सिंधू नदी जो गाळ खाली आणते त्यात अभ्रक असतेच, आणि बेसॉल्टमध्ये ते नाही. अभ्रक हीच आता माझ्या मते खरी कसोटी होती.

शेवटी गच्चीवरची परात. गोट्या धुऊन, पाणी आटवून जो चमचाभर गाळ उरला होता, त्याची काचपट्टी लावली. चिकणमातीचे बारीक गोळे, थोडा फेल्डस्पार, थोडी काजळी. आणि मग, क्षेत्राच्या कडेला, एक रंगहीन, पातळ, कडा उलगडलेला पापुद्रा. मंच फिरवला तसा तो उजळला आणि मावळला. शेजारी दुसरा. अभ्रक! पुण्याच्या गच्चीवर, सुमारे हजार किलोमीटर दूरच्या सिंधूचा गाळ! मी विद्यार्थिनीला बोलावले, भाच्याला बोलावले. विद्यार्थिनीने पुष्कळ वेळ पाहिले आणि मान डोलावली. अभ्रकच होते.

भाच्याने डोळा लावला, मग मागे सरून परातीकडे पाहिले. तिच्या काठावर एक गुलाबी ओघळ सुकलेला होता.

“मावशी, काल सोसायटीतली सगळी पोरं गच्चीवर होती ना?”

चमकी रंगांत अभ्रकाची पूड घालतात, हे मला ठाऊक होते. मी परातीतल्या गाळाच्या बाटलीची चिठ्ठी बदलली. आता तिच्यावर ‘गच्ची, रंगपंचमीनंतर’ असे लिहिले आहे, आणि गोट्या धुऊन परात पुन्हा टाकीच्या कट्ट्यावर ठेवली आहे.